तीन बोटं रुंद पट्टा

आशालताबाईंनी दीड वर्ष नातीला चारचाकीत बसू दिलं नव्हतं. त्याआधी एकदा कुणाच्या तरी गाडीत आर्या मागच्या सीटवर त्यांच्या मांडीवर होती. पुढे म्हैस आडवी आली, ब्रेक लागला. दोन्ही हातांची मिठी घट्ट होती, तरी पोर ओल्या साबणासारखी निसटली. कपाळाला चार टाके पडले. बाईंना कुणी बोल लावला नाही, पण त्यांनी स्वतःला लावला. रोज पहाटे तुळशीला पाणी, मग एकशे आठ जप. त्यात एक मणी कधी न चुकवणारे हात, आणि ऐनवेळी पोरीला चुकले.

अशात मुलाने, हर्षवर्धनने, एक जुनी मॅटाडोर विकत घेतली. आत झोपायला फळ्या, छोटी शेगडी, छपराला उघडझाप होणारी खिडकी. दिवाळीत सगळ्यांनी तिच्यातून कोकणात कुलदेवीला जायचं ठरलं. आर्या मागच्या बाकावर बसणार होती.

"मागे पट्टा नाही, तर आर्या बसायची नाही," आशालताबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता. म्हणूनच मनवेलपाड्याच्या त्या घरात पुढे कुणी वाद घातला नाही.

हर्षवर्धनने व्हिडिओ बघून बघून रविवारभर खपून सीट बेल्ट स्वतःच बसवले. छपराची खिडकी गळत होती, म्हणून शनिवारी गाडी भुईगावला आलोशियसच्या गॅरेजात नेली. बाई पुढे मुलाशेजारी बसून गेल्या. आलोशियस साठीचा, बावखलाकाठी, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी, नारळांच्या सावलीत काम करणारा माणूस. खिडकी बघायच्या आधी त्याची नजर बाकाकडे गेली.

"हे कशाला आवळलंस रे?"

"बाकाच्या प्लायला. साधा नाही हां अंकल, मरीन प्लाय आहे."

"मरीन! मग होडीत बसव." आलोशियसने पट्ट्यात पहार अडकवली, पाय रोवला आणि एक हिसका दिला. कडाड! प्लायचा तुकडा घेऊन बोल्ट दाढेसारखा उपटून हातात आला. "बघ. पोरगी, पट्टा आणि बाक, तिघं मिळून तुझ्या पाठीवर आले असते."

हर्षवर्धनचा चेहरा उतरला. बाईंचा जपमाळेच्या गोमुखीतला हात मात्र थांबला होता. मुलाने मन लावून केलेलं कामही असं फसतं, तर मग भरवसा ठेवायचा कशावर?

"पुढच्या शनिवारी या, मावशी. नातीलाही आणा," आलोशियस म्हणाला.

पुढच्या शनिवारी हर्षवर्धनसोबत आजी-नात बसने गेल्या. गाडीच्या तळाशी आता जाड लोखंडी पट्ट्या होत्या. चासीला, गाडीच्या सांगाड्याला धरून, आरपार बोल्ट घालून पक्क्या केलेल्या. आलोशियस त्या दाखवत होता तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली. त्याने टोपी काढली आणि डोळे मिटून ओठ हलवले. बाईंनीही हात जोडले.

"मजबूत आहे असं मी सांगणार नाही," टोपी घालत तो म्हणाला. "तुम्हीच बघा."

पुढच्या चाकांना ठोकळे लावले. छपराची खिडकी उघडून गॅरेजच्या वरच्या गर्डरची चेनकप्पी आत सोडली आणि तिच्या हुकात सीट बेल्टचा फास अडकवला. मग त्याने साखळी बाईंच्या हातात दिली. "ओढा."

"मी? अहो, उपास आहे माझा. जोर कुठला अंगात?"

"जोर कप्पीचा, हात तुमचा. मी ओढला तर म्हणाल, आलोशियस रेडा आहे, त्याचं काय!"

बाईंनी गोमुखी खांद्याला अडकवली आणि साखळी ओढली. खडखड, खडखड. पट्टा ताठ झाला, तारेसारखा गुणगुणायला लागला. स्प्रिंगा करकरल्या, गाडीचं मागचं अंग उठायला लागलं. बाईंनी आणखी चारदा ओढली. दूर नारळाशी बापाचा हात धरून उभी असलेली आर्या खाली वाकली आणि ओरडली, "आजी! चाकाखालून पलीकडचं बावखल दिसतंय!"

आशालताबाईंनी वाकून पाहिलं. खरंच, दोन्ही मागची चाकं अधांतरी होती. एवढी थोरली गाडी लटकली होती तीन बोटं रुंद कापडावर! त्याच्यातला एकेक धागा सुटा काढला तर नखाने तुटेल. देवळात दार उघडून मूर्ती समोर यावी तसे बाईंचे हात नकळत जोडले गेले.

आणि साखळी सुटली. "अगं बाई!" त्या दचकून मागे सरल्या.

गाडी जागची हलली नाही.

"सोडलंत तरी पडत नाही, मावशी," आलोशियस म्हणाला.

त्याने गाडी हळूच खाली घेतली, लोखंडाला कुठे बाक आलाय का ते हात फिरवून पाहिलं, आणि तो पट्टा काढून टाकला. "एवढा भार सोसलेल्याला पुन्हा कामाला लावायचं नसतं." त्याच जागी नवे पट्टे, नवे बोल्ट लागले. आर्याला उंच बैठकीवर बसवून त्याने पट्टा पोटावरून खाली, कंबरेच्या हाडावर सरकवून दाखवला. बाईंनी तो सोडला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा लावला. खट्.

मग त्या शेजारी बसल्या, आपलाही पट्टा लावला. समोर मोकळं मैदान होतं.

"हर्षा, जरा वेग घे. आणि मी म्हटलं की ब्रेक मार. जोरात."

"आई, नक्की?"

"चल."

गाडी धावली. बाईंचा हात सवयीने नातीकडे निघाला. तो त्यांनी मांडीवर आणून ठेवला, दुसराही त्याच्याशेजारी ठेवला, तळवे वर करून.

"मार."

चाकं घासली. आर्या वीतभर पुढे गेली आणि कुणी तरी कडेवर ओढून घ्यावं तशी मागे आली. मग खिदळली, "आजी, परत!"

आशालताबाईंनी आपल्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं.

"परत मार रे," त्या म्हणाल्या.