हळदीचा झरा

कुळगावच्या उतारावर, करंजाच्या झाडाखाली, सकाळपासून दोनशे माणूस जमलं होतं. वैशाखात गावच्या विहिरींनी तळ गाठलेला आणि इथे दगडातून बोटभर धार, तीही पिवळसर. धर्मराजबुवा लोटा उंचावून सांगत होते, "आईनं अंगची हळद धुतलीय. जुनाट ताप, खरूज, वांझपण, कोर्टाची तारीख, सगळ्यांवर एकच ओंजळ." स्वतः बुवांना मात्र प्यायला स्टेशनच्या नळाचं पाणी लागे. ते का, हे कोणी विचारलं नाही.

शाळेच्या वृंदाबाईंनी विचारलं असतं, पण त्यांचं लक्ष विठाकडे गेलं. शाळेत झाडलोट करणारी विठा पाच वर्षांच्या अंजनीला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. पोरीला टायफॉइड. अंबरनाथच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब द्यायचा नाही.

बाई तडक चढ चढून गेल्या. झऱ्याच्या बरोब्बर वर, साठ पावलांवर, चिंतामणशेटचा म्हशींचा गोठा. शेणमुताचा नवा खड्डा महिन्यापूर्वी खणलेला, आणि झरा पंधरा दिवसांचा. यात देवीला कशाला मध्ये आणायचं?

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेच्या ओट्यावर गाव बोलावलं. रॉकेलचा डबा कापून एका बाजूला काच बसवली होती. आत चिकणमातीचा तिरपा थर, त्यावर मुरूम. वरच्या टोकाला शाईचं पाणी ओतलं. ते मुरमातून झिरपलं, चिकणमातीवर अडलं, तिच्यावरून सरकत सरकत खालच्या भोकातून निळं बाहेर आलं. बायाबापड्यांनी स्वतः थर रचून, पाणी ओतून पाहिलं.

"मुरमात शेण अडकतं, रोग अडकत नाही," बाई म्हणाल्या. "आज तुमच्यासमोर त्या खड्ड्यात रंगपंचमीचा लाल रंग ओतते. झरा लाल झाला तर पाणी कुठून येतं ते समजा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विठानंही.

रंग ओतला, अख्ख्या गावानं पाहिला. तिसऱ्या दिवशी झरा लाल. बाई धावतच खाली आल्या. आता पोर वाचली, असंच त्यांना वाटलं.

बुवांनी शांतपणे लोटा भरला. "हळद झाली, आता कुंकू. आईनंच बाईंच्या हातून ओतवून घेतलं."

आणि ज्यांनी रंग ओतताना डोळ्यांनी पाहिला होता, तेच लोक बाईंच्या पाया पडू लागले. बाई घसा फोडून सांगत होत्या, "अहो, शेणाचं पाणी आहे ते." रांग दुप्पट झाली. त्या रांगेत विठा होती.

अंजनीला जुलाब लागले. पाचव्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर विठा कामावर आली. झाडू टेकवून म्हणाली, "मला समदं समजलं व्हतं, बाई. पन समदी पीत व्हती. मी एकटीनंच पोरीला पाजलं नसतं आन् ती गेली असती, तर गावानं मला काय म्हटलं असतं?"

मी एवढंच सांगतो: पाणी उताराला जातं आणि वाटेतली घाण सोबत नेतं, त्याला देवधर्म कळत नाही. ओंजळ पुढे करण्याआधी जरा चढ चढून वर बघून या. खड्डा दिसला तर रांगेतून बाहेर पडा, एकटे असलात तरी.