एक बंडी जागा

मित्रांनो, आधी माझं नाव नीट ऐकून घ्या, कारण याच नावापायी आमच्या गावात एवढा घोळ झाला होता. मी बंडी. पुण्यामुंबईकडे बंडी म्हटलं की लोक अंगात घालायची बिनबाह्यांची बंडी समजतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र बंडी म्हणजे बैलांची गाडी. दोन चाकं, पुढे जू, आणि मालकाचा आवाज. मी तीच, आता बरीच म्हातारी झालेली. थोडी कुरकुरते. पण चाकाला वंगण नसलं तर तुम्हीही कुरकुराल, म्हणून हसू नका.

मी जंगलातल्या सागाची. सुताराने मला घडवलं ते वामनरावांच्या अंगणात. वामनराव तेव्हा तरणेबांड होते, मिशीला पीळ देऊन माझ्याभोवती फिरायचे. चाकांना लोखंडी धाव चढवायला मला रहमत मिस्त्रींच्या भट्टीवर नेलं. धाव म्हणजे चाकाभोवतीचं कडं. गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद करायचं, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, लोखंड आकसतं आणि चाकाला असं घट्ट धरतं की विचारू नका. त्या दिवशी भात्यावर मिस्त्रींची लहानगी मुलगी गुलनार बसली होती. धुराने डोळे चोळत होती, पण भाता काही सोडत नव्हती. ती मला तेव्हापासून ओळखते.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी कापूस वाहिला, तुरी वाहिल्या, नवरीमुली सासरी पोचवल्या, कळंबच्या चिंतामणीला माणसं नेली. आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगते. गावातला मुख्य रस्ता पहिल्यांदा झाला, तेव्हा त्याचा मुरूम माझ्यासारख्या बंड्यांनीच आणून टाकला. आज त्यावरून जी मोटार सुसाट जाते, तिच्याखाली माझी मेहनत आहे. कोणी आठवण काढत नाही, ते सोडा.

पुढे ट्रॅक्टर आला. मला कोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या गोठ्याच्या, मागे लावून ठेवलं. माझ्या जुवावर दोडक्याचा वेल चढला, कोंबड्या माझ्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, अंडी घालू लागल्या. कधी कधी वामनराव येऊन माझ्या चाकावर हात ठेवायचे आणि निघून जायचे. मला फार वाईट वाटायचं. एक दिवस हायवेवरचा ढाबेवाला आला. मला लालपिवळा रंग देऊन दारात शोभेला ठेवायचं, असं त्याच्या मनात होतं. सागाच्या बंडीने ढाब्याच्या दारात उभं राहून सेल्फीत हसायचं! वामनराव "पाहू" म्हणाले. त्या "पाहू"ने माझा जीव टांगणीला लागला.

त्याच सुमारास आमच्या नगर परिषदेत रस्त्याचा विषय निघाला. मुख्य रस्ता सिमेंटचा करायचा, बाजूने झाकलेली नाली बांधायची, आणि रस्त्याच्या कडेला बसून कामं करणाऱ्यांना शिस्त लावायची. चांभार, किल्ल्या बनवणारा, छत्र्या शिवणारा, हमाल, सगळेच त्यात आले. गुलनारही आली. वडिलांची भट्टी बंद पडल्यावर तिने त्यांची हातोडी घेतली आणि पोस्टासमोरच्या कडुनिंबाखाली बसून कुकर आणि शेगड्या दुरुस्त करायला लागली. कुकरची शिट्टी वाजेना, झाकण बसेना, की बायका म्हणायच्या, "जाय निंबाखाली गुलनारकडे." एकटीच्या जिवावर घर चालवत होती. तिची जागा म्हणजे एक पोतं आणि त्यावर मांडलेली अवजारं, एवढंच. पण ती जागा गेली असती तर तिचं घर बसलं असतं.

मुख्याधिकारी निकिता मॅडम नव्याच बदलून आल्या होत्या, पुण्याकडच्या. बाई मनाने चांगली, बोलायला स्पष्ट. सभेत त्या म्हणाल्या, "या सगळ्यांना खाकी बंडी द्या, तिच्यावर नंबर असू द्या. बंडीशिवाय मुख्य रस्त्यावर कोणी बसणार नाही." नगराध्यक्ष मैनाबाईंनी मान डोलावली. नगरसेवक हिरासिंग तर खूश झाले. म्हणाले, "बरोबर हाये. चाकावर असलं म्हणजे रस्ता करताना बाजूले सरकवता येते." मॅडमना वाटलं, वऱ्हाडी बोलणं आहे, असेल काही तरी. ठराव एकमताने मंजूर झाला. मत एक होतं, बंड्या मात्र दोन होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याच्या घंटागाडीचा भोंगा गल्लोगल्ली ओरडू लागला, "बंडीशिवाय मुख्य रस्त्यावर धंदा करता येणार नाही! हरकत असल्यास सोमवारच्या सभेत सांगावी!" झालं! गावात एकच धावपळ. ज्यांचे चाकांचे ठेले होते ते निवांत बसले. पण जे जमिनीवर बसायचे त्यांनी काय करावं? चांभार मेहुण्याच्या गावी बंडी मागायला गेला. किल्लीवाल्याने म्हणे बकरीची बंडी करता येते का, अशी चौकशी केली. हे मी नंतर ऐकलं आणि माझ्या चाकांचे आरे हसून हसून ढिले झाले.

गुलनार मात्र हसण्याच्या परिस्थितीत नव्हती. दारोदार फिरून ती शेवटी आमच्या कोठ्यावर आली.

"काका, मले तुमची बंडी पाहिजे," ती म्हणाली. "बंडीशिवाय बसू देत नाई म्हणते."

वामनराव म्हणाले, "अव, कुकर दुरुस्त करायले बंडी कायले लागते?"

"मले काय माहीत? भोंगा सांगून राह्यला. माही जागा गेली तं मी कुठी जाऊ, काका?"

वामनराव उठले. मग त्यांनी माझ्यावरच्या कोंबड्या हाकलल्या, वेल अलगद सोडवून कुंपणावर चढवला आणि वंगणाचा डबा काढला. मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या आखाला वंगण लागलं. मला रडूच यायचं राहिलं होतं. गुलनारने चाकाला हात लावला आणि म्हणाली, "ही धाव अब्बाची." तिचा हात तिथंच थोडा वेळ थांबला.

सोमवारी शेजारच्या देवसिंगची बैलजोडी मागून आणली आणि बंडी असल्याचं सभेत दाखवायला आम्ही निघालो. नगर परिषदेसमोर पोचून पाहते तर काय, माझ्यासारख्याच आणखी बंड्या ओळीने उभ्या! कोणाला एक बैल, कोणाला नुसतीच माणसं जुंपलेली. आम्ही फाटक पार अडवून टाकलं. मला सभागृहाच्या रस्त्याकडच्या खिडकीखाली जागा मिळाली, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं.

निकिता मॅडम खिडकीत आल्या. "हे काय? आज बैलबाजार आहे का?"

"मॅडम, तुमीच तं म्हणाल्या, बंडीशिवाय बसायचं नाई," हिरासिंग म्हणाले.

"अहो, बंडी! अंगात घालायची बंडी!" मॅडमनी दोन्ही हातांनी छातीवर बटणं लावून दाखवली.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मैनाबाई पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की त्यांना ठसकाच लागला. हिरासिंगांनी कपाळावर हात मारला. बाहेर चांभार हसला, किल्लीवाला हसला, बैलांनीसुद्धा माना हलवल्या. मॅडम स्वतःही हसून बेजार झाल्या.

फक्त गुलनार हसली नाही. ती माझं चाक धरून उभी होती. खिडकीकडे पाहून ती म्हणाली, "मॅडम, बंडी अंगात घाला म्हणता तं घालतो. पण बसू कुठी? अंगावर नंबर देता, जमिनीवर जागा नाई देत."

हसणं थांबलं. मॅडमनी तिला आत बोलावलं, आणि खरी चर्चा तेव्हा सुरू झाली. हिरासिंग म्हणाले, यांना कोंडवाड्यामागे जागा द्या, मोकळी आहे. गुलनार म्हणाली, तिथं गुरं कोंडतात, तिथं कुकर घेऊन कोण येईल? हिरासिंगही वाईट माणूस नव्हे. उन्हाळ्यात याच रस्त्यावर दवाखान्याची गाडी अडकून पडली होती, आत त्यांच्याच तांड्यातली बाळंतीण होती. ते म्हणाले, "मी तेव्हा गाडीमागून पळत होतो. रस्ता मोकळा पाहिजे म्हणजे पाहिजे."   गुलनारने मान खाली घातली. मला वाटलं, गेली बिचारीची जागा.

मैनाबाईंनी मात्र टेबलावर हात मारला. "इथं बसून कायले भांडता? जाऊन पाहू."

जायचं कसं? आमच्या बंड्यांनी फाटक अडवलेलं, परिषदेची जीप आतच अडकलेली. मैनाबाई म्हणाल्या, "वामनभाऊ, तुमची बंडी हाये ना?" आणि बघता बघता नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि नगरसेवक माझ्या साट्यावर! वामनरावांनी डोक्याचा दुपट्टा काढून मॅडमना बसायला अंथरला. मॅडमनी माझी कडेची दांडी घट्ट धरली. प्रत्येक खड्ड्याला "अगं बाई" म्हणत होत्या. मी त्यांना जपूनच नेलं, पण खड्डे काही माझे नव्हते.

पोस्टासमोर नव्या रस्त्याच्या कडा चुन्याने आखून ठेवल्या होत्या. वामनरावांनी मला कडुनिंबाखाली, गुलनारच्या जागेवर, नालीच्या अंगाने नेऊन उभं केलं. बैल सोडले. मी चुन्याच्या रेघेच्या आतच, निंबाच्या बाजूला मावले; रस्ता मोकळा राहिला. मग मोठ्या गाड्या जातात का, याची सगळे वाट पाहत राहिले.  एवढी वर्षं मी ओझं वाहिलं, पण त्या दिवशी नुसतं उभं राहणं फार जड गेलं.

आधी कापसाचा ट्रॅक्टर आला आणि निघून गेला. मग यवतमाळची एसटी आली. समोरून एक टेम्पोही आला. हिरासिंग रस्त्यात उतरून डोळे बारीक करून पाहत होते. एसटी आणि टेम्पो एकमेकांच्या बाजूने गेले, आणि माझ्या चाकाला कोणाचा धक्काही लागला नाही.

"दवाखान्याची गाडी जाईन," हिरासिंग हळूच म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "जाईन, जाईन! पण नाली झाकली पाहिजे, अन् रेघेबाहेर कोणी यायचं नाई."

"नाई येत, दादा," गुलनार म्हणाली.

मॅडमनी शिपायाला चुना आणायला सांगितलं. त्याने माझ्याभोवती, चाकांच्या बाहेरून, पांढरी रेघ ओढली. वामनरावांनी आणि हिरासिंगांनी मला ढकलून पुढे सरकवलं. मागे जमिनीवर एक चौकट उरली. नेमकी माझ्याएवढी! गुलनारने त्यात पोतं अंथरलं, अब्बाची हातोडी ठेवली आणि बसली. म्हणाली, "मले बंडी नाई लागत, काका. एवढी जागा पुरे झाली."

मग तिने पदराने डोळे पुसले. मैनाबाईही उगाच निंबाकडे पाहत राहिल्या.

त्या दुपारी ठराव सुधारला, तो मॅडमनी स्वतः वाचून दाखवला : प्रत्येक सेवा देणाऱ्याला अंगावर एक बंडी, आणि बसायला एक बंडी जागा. या वेळी दोन्ही शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळला. पुढच्या दिवसांत मला रस्त्याच्या कडेने नेऊन उभं करत, चुना ओढत आणि पुढे सरकवत. चांभाराची जागा माझ्या मापाने झाली, किल्लीवाल्याचीही. एकदा माझी धाव सैल झाली, तर गुलनारने सगळी कामं बाजूला ठेवून ती ठोकून बसवली. ढाबेवाला पुन्हा आला तेव्हा वामनराव त्याला म्हणाले, "बंडी नाई भेटत बावा. नगर परिषदेचं माप हाये ते."

आता रस्ता सिमेंटचा झाला आहे. चुन्याच्या जागी पक्का पांढरा रंग आला आहे. मी परत कोठ्यामागे आहे, कोंबड्याही परत आल्या आहेत. लाकूड आतून पोकळ होत चाललंय, हे मला कळतं. एखाद्या हिवाळ्यात मी जळणात जाईन. त्याचं मला फारसं दुःख नाही.

एकच गोष्ट सलते. गुलनार दोन दिवस लेकीकडे गेली, तर तिच्या चौकटीत कोणी तरी मोटरसायकल उभी करून गेलं. "दोनच मिनिटं," म्हणाला म्हणे. ती परतली तेव्हाही मोटरसायकल तिथंच होती, आणि ती हातोडी घेऊन उन्हात उभी राहिली.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या गावात रस्त्याच्या कडेला अशी पांढरी चौकट दिसली, तर तिच्यात गाडी लावू नका. ती रिकामी दिसली तरी रिकामी नसते. तिथं मी उभी आहे.