चहावर साय धरणारी गाडी

हे कोणालाही पटणार नाही याची टर्बोकाकांना खात्री होती, म्हणून तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पहिल्यांदा तेच ऐकवत. "पटायचं नाही तुम्हाला, पण ही गाडी ताशी दीडशेने पळत असताना डॅशबोर्डवर चहा ठेवला, तर त्यावर साय धरते."

गिऱ्हाईक हसायचं आणि चाकांचा भाव विचारायचं. नुसत्या चाकांचा. जाहिरात दिल्यापासून आलेले सगळे एकाच माळेचे मणी: इंजिन एकाला, टर्बो दुसऱ्याला, उरलेला सांगाडा भंगारात. ती दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार काकांनी लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आडवं पडून घडवली होती. स्प्रिंगा बदलल्या, सायलेन्सर बदलला, क्लच तर असा जबरा कडक बसवला की शेवटी त्यानेच काकांच्या गुडघ्याचा निकाल लावला. आता बहिणीकडे राहायला जायचं होतं. तिच्या दारात सायकल लावायलाही जागा नव्हती. सुटे भाग विकणाऱ्याला काकांनी शब्द देऊन ठेवला होता: आज गाडी अख्खी नेणारं कोणी भेटलं नाही, तर उद्या ये आणि कापून ने.

दुपारी एक नर्स आली, बरोबर तिची आत्या. नर्सने चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडायला लावलं, ऑइलची काडी काढून बोटाने चाचपली, इंजिन सुरू करून डोळे मिटले आणि नुसती ऐकत राहिली. काकांखेरीज आजवर त्या इंजिनाचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

तिची अडचण एकच होती. दर सुट्टीला आत्याला घेऊन लांब जायचं, आणि आत्याची पाठ नाजूक. एवढ्या खाली बसलेल्या गाडीत तिला सोसेल का?

काकांनी आधी चिमणीची गोष्ट काढली. गाडीच्या डिकीवर बसवलेल्या पंखावर चिमणीने म्हणे घरटं केलं होतं. गाडी रोज पळत होती तरी अंड्यांना धक्का नाही. पिल्लं बाहेर आली ती थेट दुसऱ्या गावात, आणि चिमणा बिचारा महिनाभर याच पार्किंगमध्ये बायकोला शोधत होता. मग पुन्हा चहाची गोष्ट.

आत्या काठीवर रेलून ऐकत होत्या. "गाडी तुम्ही चालवत होतात," त्या म्हणाल्या. "मग चहा कोणाचा?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"हिचा," काका म्हणाले.

काकांचं लग्नच झालेलं नव्हतं. एकदा बोलणी झाली होती, ती बोलण्यातच राहिली. पण 'ही' हा शब्द इतका सहज आला, जणू ती त्या खांबामागेच उभी होती. थापेला पाय नसतात म्हणतात. काकांच्या थापेला चार चाकं होती. मग काय, हिलाही पाठदुखी. घरी गादीवर तळमळायची, पण या सीटवर बसली की पहिला सिग्नल यायच्या आत घोरायला लागायची. काका तिच्या घोरण्याच्या तालावर गिअर बदलायचे. जाग आलीच तर "हळू चालवा हो" म्हणून दटावायची आणि पुन्हा झोपायची.

त्या खाली नाही आल्या का, असं नर्सने विचारलं. ती वर आवराआवर करतेय, काकांनी सांगितलं. वर दोन खोल्यांत एक कप पालथा वाळत होता, आणि एक खुर्ची. पण सांगता सांगता काकांनाच वाटायला लागलं की आता उरकायला हवं, ती जेवायची थांबली असेल.

नर्स विरघळली. गाडी अख्खीच नेईन म्हणाली, एक बोल्टही हलवणार नाही. "फक्त तू एकदा बसून बघ, आत्या."

आत्या आधी बाहेर पाय सोडून सीटच्या कडेला टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. काका दाराशी वाकले आणि सांगायला लागले, ही पण अगदी अशीच बसायची, आधी डावा पाय. आत्यांनी पट्टा ओढला. तो करकरत, अडत अडत बाहेर आला. बकल हातात धरून त्यांनी उजेडाकडे वळवलं. मग शेजारी, चालवणाऱ्याच्या सीटकडे पाहिलं. तिची कड झिजून आतला स्पंज दिसत होता.

"उशी घेऊन बसायची का हो त्या?" नर्सने विचारलं.

"छे, तिला उशी कशाला," काका म्हणाले, "तिला तर..."

आत्यांनी हात वर केला. त्यांचा आवाज चढला नाही.

"अहो, या बकलावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. इथे आजवर कोणी बसलेलंच नाही."