खालचा आवाज

बुलंदकाकांना हे टोपणनाव उगीच पडलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी माइकशिवाय नाटकं गाजवली, शेवटच्या रांगेत पेंगणाऱ्यालाही दचकवून उठवलं. आता ते अंध मुलांच्या शाळेसाठी एक गोष्ट रेकॉर्ड करत होते आणि पहिलाच भाग परत आला होता. राक्षस ओरडला की मुलं हेडफोन काढून फेकत आणि राजकन्या कुजबुजली की काही ऐकू येत नसे. आज जमलं नाही तर गोष्ट दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. काका मनातून हबकले होते, पण मान ताठ.

“म्हणजे माझा आवाज दाबणार तुम्ही?” त्यांनी रेकॉर्डिंगवाल्या मुलीला विचारलं.

“फक्त ओरडणं थोडं खाली आणते, काका. मग वर जागा होते ना, तेव्हा सगळंच उचलून मोठं करते. राक्षस राक्षसच राहतो, पण राजकन्याही ऐकू येते. माझा हात एवढा चपळ नाही, म्हणून हे काम यंत्र करतं. याला कॉम्प्रेशन म्हणतात.”

तिने लावून दाखवलं. राक्षस गरजला, कान शाबूत राहिले. राजकन्येचा शब्दन् शब्द कळला. काका खुलले, आणि तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. राजकन्येच्या वाक्याआधी आणखी कुणीतरी कुजबुजत होतं. बाईचा आवाज. “दार उघडू नकोस...” मग तेच वाक्य काकांचं. पुढेही तसंच, अकरा ठिकाणी.

प्रत्येक रेकॉर्डिंगला कोपऱ्यात स्वेटर विणत बसणाऱ्या काकूंच्या सुया थांबल्या. काकांच्याच नाटक कंपनीत त्या तीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. शब्द नटाला पोचावा आणि पहिल्या रांगेला कळू नये, हे त्यांचं काम. कागद वाजतो म्हणून काका गोष्ट पाठ म्हणत होते. ‘या वयातही माझा शब्द इकडचा तिकडे होत नाही,’ असं ते गावभर सांगत, आणि ते त्यांना मनापासून खरं वाटत होतं.

“सवय हो, तोंडातल्या तोंडात,” काकू ओशाळल्या. “यंत्र एवढं ऐकेल असं वाटलं नाही.”

“हळू ते सगळंच वर येतं,” मुलगी म्हणाली. “मी कापून टाकते, कुणाला कळणार नाही.”

“थांबा. पुन्हा लावा.”

काकांनी डोळे मिटून अकराही जागा ऐकल्या. एक शब्द लवकर नाही, एक उशिरा नाही. ते अडखळणार हे त्यांच्या आधी हिला कळत होतं. त्यांना लाज वाटली, आणि बायकोचा अभिमान त्याहून जास्त वाटला. एवढं मोठं काम जवळ बसून चाललं होतं, आणि टाळ्या मात्र ते एकटे घेत आले होते.

त्यांनी उठून स्वतःची खुर्ची काकूंसाठी माइकपुढे नीट लावली.

“पहिल्यापासून घेऊ. राजकन्येची वाक्यं ही बोलेल.”

“अहो, आणि मी अडखळले तर?”

“मी आहे ना कोपऱ्यात. हळूच सांगेन.”

“तुम्ही? हळूच?” काकूंना हसू आवरेना. विणकाम बाजूला ठेवून त्या माइकपुढे येऊन बसल्या.