दुपारचे ठोके

सुनेने सासऱ्यांच्या मुठीतली हातोडी सोडवून खिडकीत ठेवली, त्यांना कुशीवर वळवलं आणि खालची चादर ओढून काढली. म्हातारबुवा कुरकुरले. पाठीला औषध लावून घ्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

तेवढ्यात खालचे हातोडे थांबले. एकदम, सगळेच.

भांडी ठोकणाऱ्यांची ही गल्ली. भरदुपारी इथे हातोडे थांबायचे ते गल्लीतलं कुणी गेलं तरच. मग हातातलं काम टाकून सगळे त्या घराकडे निघायचे. आणि तिचा नवरा खालीच गाळ्यात होता.

"कोण गेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

ती दाराकडे वळली. जिन्यावर पावलं वाजली. दार ढकलून पहिला आत आला तो नवराच, काळ्या हातांनी डोळे पुसत. मागोमाग पितळवाला, कढईवाला आणि शेजारचा बिजागरीवाला, माना खाली घालून.

खाटेवरून बाप टकमका बघतोय म्हटल्यावर नवरा तिथेच थबकला.

"दुपारचे ठोके आले नाहीत, बाबा."

सुनेने जीभ चावली. जेवणानंतर काम सुरू झालं की सासरे खाटेच्या लोखंडी पट्टीवर तीन ठोके द्यायचे. जिना उतरणं बंद झाल्यापासून तेवढीच त्यांची हजेरी. आज हातोडी तिनेच काढून घेतली होती.

"घाम फोडलात हो, काका," कढईवाला म्हणाला. त्याला हसूही आवरेना आणि रडूही.

सासरे दाराकडे बघत होते.

"बाकीचे जिन्यात का थांबलेत? बोलवा वर. माझे वडील गेले तेव्हा रस्त्यापर्यंत माणसं होती."

एकेक गाळा बंद पडत गेला, ते त्यांना सांगायचं सगळ्यांनीच आजवर टाळलं होतं.

"एवढेच आहोत, बाबा."

"काहीतरीच. मी काय बहिरा आहे? दिवसभर अख्खी गल्ली वाजत असते."

"रिकामे गाळे घुमतात, काका," पितळवाला हळूच म्हणाला.

सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी चौघांकडे एकेक करून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"मग इथे काय उभे राहिलात? जा, कामाला लागा."

खाली हातोडे सुरू झाले. सासरे बराच वेळ कान देऊन पडून राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. सुनेने हातोडी दिली. तीन ठोके झाले. चौथा झाला, पाचवा झाला.

"पुरे, बाबा. कळलं त्यांना."

"त्यांना कळलं गं. हे रिकाम्या गाळ्यांसाठी," सासरे म्हणाले, आणि ठोकतच राहिले.