शिवतेजच्या नावानं लॉगिन

भार्गवी डब्याच्या पोळ्या लाटत होती, तेवढ्यात मोबाइलवर सर्व्हरचा मेसेज आला. ‘कोणीतरी दार ढकलतंय. नाव शिवतेज. आत सोडलं नाही. तासभर बंद ठेवतोय.’

तिचं लाटणं थांबलं. शिवतेज हायवेवरच्या अपघातात गेला, त्याला आठ महिने होत आले होते.

सांगलीत विश्रामबागेत तिचं आणि शिवतेजचं मिळून छोटं ऑफिस. तासगावच्या शीतगृहांत कुणाचा किती बेदाणा पडलाय, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर असायचं. सर्व्हर मुंबईत कुठंतरी, भाड्याचा. दोघांपैकी कुणीच तो कधी पाहिला नव्हता. त्याच्यावर दुरून नजर ठेवणारा प्रोग्राम शिवतेजनं लिहिला होता. जागा भरत आली, मशीनवर ताण पडला, कुणी घुसायला बघितलं, की तो मेसेज धाडायचा. तेही शिवतेजच्याच भाषेत.

भार्गवीनं ऑफिसात जाऊन नोंदी तपासल्या. दोन दिवस हेच चाललं होतं. दार बंद झालं की तो माणूस थांबायचा, उघडलं की पुन्हा प्रयत्न करायचा. चोर इतका धीर धरत नाही. शिवाय नेटवर्क कराडच्या बाजूचं होतं. तिनं शिवतेजच्या घरी, उंब्रजला फोन लावला.

“जोतीराम बोलतोय. कोण?”

“काका, मी भार्गवी, सांगलीच्या ऑफिसातून. शिवतेजच्या लॅपटॉपवर तुम्ही काही उघडताय का?”

“व्हय. वंगाळ काय करत न्हाई पोरी. त्याचं फोटू, व्हिडिओ सगळं तुमच्या सर्व्हरवर जातंय म्हणायचा. फोनचा तर चुरा झाला. त्याची आई म्हणती, त्याचा आवाज आठवंना झालाय. तेवढा ऐकवावा म्हटलं.”

“मी देते उघडून, काका. आजच.”

तिनं स्वतःच्या अधिकारानं त्याचं खातं उघडायला घेतलं. खातं नव्हतंच. पंधरवड्यापूर्वी सर्व्हरची जागा भरत आली, तेव्हा प्रोग्रामनं सहा महिने न वापरलेली खासगी खाती पुसून टाकली होती. आधी खात्याच्या मालकाला सूचना द्यायची, उत्तर आलं नाही तरच पुसायचं, असं शिवतेजनं त्यात लिहून ठेवलं होतं. सूचना वेळेवर गेल्या होत्या. शिवतेजला.

बॅकअप फक्त कंपनीच्या कामाचा होता. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या मुंबईच्या माणसानंही फोनवर सांगितलं, “मॅडम, पुसलेलं परत येत नाही.”

हे फोनवर सांगणं तिला जमेना. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं कराडला आणि तिथून उंब्रजला गेली.

जोतीराम, शिवतेजचे आण्णा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लॅपटॉप कॉटवर, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला. त्याच्या आईनं, अंबूबाईंनी, पाणी दिलं आणि त्या पदर सावरून समोर बसल्या. भार्गवीनं जे घडलं ते न लपवता सांगितलं.

“म्हंजे त्यानंच लिवलं हुतं, पुसून टाक म्हणून?” जोतीरामनी विचारलं.

“हो काका. एक दिवस आपलंच खातं जाईल, हे त्याच्या मनात कुठून येणार?”

अंबूबाईंना सर्व्हर कळला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता कुठं ऐकायचा गं?”

भार्गवीनं पर्समधून मोबाइल काढला. “माझ्याकडं त्याचं एक रेकॉर्डिंग आहे, काकू.” आजवर तिनं ते कुणाला ऐकवलं नव्हतं. तिनं बटण दाबलं.

‘भार्गवी, चिडू नको की. दिवाळीत सांगतो घरी, शब्द दिला. आण्णांचं मी बघतो. आई दिवसभर गप बसंल, आणि दुसऱ्या दिवशी विचारंल, पोरीला तिखट चालतं का. चल, ठेवतो, लय भूक लागलीय.’

जोतीराम उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“परत लाव,” अंबूबाई म्हणाल्या.

तिनं परत लावलं. मग आणखी एकदा. अंबूबाईंनी मोबाइल तिच्या हातासकट आपल्या कानाशी धरला होता. आवाज संपला तरी त्यांनी तो हात सोडला नाही.

“चालतं का गं?” त्यांनी विचारलं.

भार्गवीनं होकारार्थी मान हलवली. अंबूबाई चुलीपाशी गेल्या. आत पातेल्याचा आवाज झाला, आणि मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या.

जेवणं झाली, कुणाच्या पोटात फारसं गेलं नाही. निघण्याआधी भार्गवीनं तो आवाज जोतीरामच्या मोबाइलवर पाठवला. ‘भार्गवी, चिडू नको की’ एवढं कापून पाठवावं असं क्षणभर तिला वाटलं, पण तिनं ते तसंच राहू दिलं.

जोतीराम तिला स्टँडवर सोडायला आले. कराडच्या गाडीची वाट बघत दोघं उभे राहिले.

“आमाला म्हाईत असतं,” ते म्हणाले, “तर दहाव्याला तुला बोलावलं असतं, पोरी. आमी कुणी तुला इचारलंसुदीक न्हाई.”

“आले होते मी, काका. ऑफिसच्या लोकांत. मागं उभी होते.”

जोतीरामनी तिच्याकडं बघितलं. तेवढ्यात गाडी लागली आणि माणसं दाराशी लोटली. त्यांनी गर्दीत शिरून खिडकीजवळची जागा धरली, तिला बसवलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजावर हात ठेवून खाली उभे राहिले.