सेल बदलल्यावर

सुनेने संगणकाचं बटण दाबलं, आतला पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी शब्द उमटला. पुढे पांढरी खूण लुकलुकत राहिली, बस्स.

घड्याळजी चिमटा हातात धरून मागे उभे होते.

"बाबा, खरं सांगा. काय केलंत?"

"काही नाही गं. धूळ झाडली." हातातला चिमटा खाली ठेवत ते पुटपुटले, "आणि आतला सेल बदलला. जुना झाला होता."

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडणाऱ्या माणसाला बटणाएवढा सेल दिसला, की हात शिवशिवणारच! पण दोनपैकी कोणत्या डिस्कवरून जागं व्हायचं, हे यंत्र त्या सेलच्या जोरावर लक्षात ठेवत होतं. सेल निघाला आणि ते विसरलं. आता भलत्याच जुन्या डिस्कपाशी अडून बसलं होतं. दुसरीवर त्यांच्या बायकोच्या आवाजातल्या एकशे बारा गोष्टी होत्या, नातीसाठी सांगितलेल्या. बायको शाळेत संगणक शिकवायची; गेल्या वर्षी ती गेली. त्या गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सुनेने दोन अक्षरं टाइप केली. पडद्याने दोन्ही डिस्कची नावं सांगितली. तिने दुसरीचं नाव घालून पुन्हा विचारलं, तशी फायलींची नावं सरसर खाली उतरू लागली.

"हे अजून सुरूसुद्धा झालं नाही ना?"

"नाही, बाबा. पण गोष्टी आहेत. सगळ्या आहेत."

घड्याळजी स्टुलावर टेकले. बंद घड्याळाला वेळ विचारायचं उभ्या आयुष्यात त्यांना सुचलं नव्हतं. ही पोरगी विचारत होती आणि उत्तरं येत होती.

"यंत्र सुरू करायची यादी इथे असते," सून म्हणाली आणि थबकली. "आईंनी शेजारी आणखी एक ठेवलीय. नाव दिलंय, 'बिघडलं तर'."

तिने ती उघडली. काळ्या पडद्यावर चौकट आली. चौकटीत एकच ओळ, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत:

'अहो, सेल बदललात ना? घाबरू नका. एंटर दाबा.'

सून हसली आणि तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. चौकटीखाली सेकंद उलटे मोजले जात होते; शून्य झालं की यंत्र आपोआप सुरू होणार आणि ती ओळ पुसली जाणार होती. तीस. एकोणतीस.

"हे थांबवता येतं का गं?"

"बाणाचं बटण दाबा."

घड्याळजींनी ते दाबलं. मोजणी थांबली. त्यांनी सदऱ्याला चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.